उजवी कटोरी

आठ. आठच आहे. जाकीरने रॉकेलचा बोळा पुन्हा एकदा चाकाच्या मधल्या हबच्या अंगावरून फिरवला, राहिलेला काळा थर नखाने खरवडला, आणि आठाच्या शेजारी एक बारीक उभी रेघ वर आली — एक. एक्क्याऐंशी. त्याने चाक दाराकडे, उजेडाकडे वळवलं, चष्म्यातून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, मग चाक उलटं धरून पाहिलं, कारण काही आकडे उलटे धरले की दुसरे होतात आणि हा आकडा दुसरा व्हावा असं त्याला फार वाटत होतं. उलटा धरला की अठरा होत होते. अठरा साली तर अब्बाही जन्माला यायचे होते.

म्हणजे एक्क्याऐंशी… रोज्याने घसा सकाळपासून कोरडा होता.

रस्त्यावर धुळवड चालली होती. रंगलेली पोरं एकेका मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून ओरडत जात होती, आणि धडगावकडून येणाऱ्या जीप डोंगरातल्या काठी गावची होळी पाहून परतलेल्यांना एसटी स्टँडच्या तोंडाशी उतरवत होत्या — गळ्यात कॅमेरे अडकवलेली पुण्या-नाशिकची माणसं, जागरणाने तांबारलेले डोळे, केसांत राख. दरवर्षी हाच दिवस. दरवर्षी याच दिवशी अब्बा दुकानाच्या आढ्याला टांगलेली ती गोणपाटातली सायकल खाली घ्यायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, साखळीला तेल द्यायचे, चाकं हवेत फिरवून बघायचे, आणि तिच्याशेजारी स्टूल टाकून दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसायचे. मग पुन्हा गोणपाट, पुन्हा आढं. तिच्यावर बसायचं नाही. तिला पाना लावायचा नाही. अमानत आहे.

हा शब्द जाकीरच्या कानात बांगेच्याही आधी पडला असावा. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि पुढच्या होळीला एक फ्रेंच तरुण या सायकलवरून शहाद्यात आला. त्याला काठीला जायचं होतं. पण घाटाचा रस्ता तेव्हा नुसता दगडांचा, या करंगळीएवढ्या टायरांचं तिथे काय काम. म्हणून त्याने सायकल अजीज मिस्त्रीच्या हवाली केली, हातवारे करून सांगितलं की होळी बघतो आणि परत येतो, आणि लाकडाच्या ट्रकवर चढून निघून गेला. तो आलाच नाही. 'तू पाळणामां व्हता,' अब्बा सांगायचे, आणि सांगताना पाळणा हलवल्यासारखा हात हलवायचे. पाहुण्याने जाताना आपलं नावही सांगितलं होतं म्हणे, पण ते घरात कोणाच्याच जिभेवर बसलं नाही, म्हणून तो कायमचा नुसता 'तो' राहिला. तो येई. त्यानी सायकल शे. त्याले काय जबाब देशी?

आणि आता हा एक्क्याऐंशी.

जाकीरने चाक मांडीवर आडवं घेतलं आणि डोळे मिटून हिशेब मांडला, जरी त्यात हिशेब करण्यासारखं काही नव्हतं. जे चाक एक्क्याऐंशी साली फ्रान्समध्ये तयार झालं, ते त्र्याहत्तर सालच्या होळीला शहाद्याला येऊ शकत नाही. बस, एवढंच. असलं चाक शहाद्यात, नंदुरबारला, पार सुरतेपर्यंत कुठल्या दुकानात मिळालं असतं असंही नाही. ते तिकडूनच कोणीतरी आणायला हवं. मग एक तर ही सायकल आलीच उशिरा — आणि उशिरा आली असेल तर मी पाळण्यात नव्हतो, मी शाळेत जात होतो, शाळा सुटली की याच फळीवर बसून स्टँडवरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत होतो. गोरा माणूस असल्या सायकलवरून गावात आला असता तर अर्धं शहादं त्याच्यामागे धावलं असतं आणि सगळ्यात पुढे मी असतो. मला ते आठवत नाही. नाहीतर… नाहीतर सायकल आधी आली आणि चाक मागून आलं. म्हणजे तो परत आला होता. चाक घेऊन आला होता. आणि अब्बांनी आजवर सांगितलं की तो आलाच नाही.

मधल्या दारातून आवाज आला, "ऊना का तो?"

"येई, अब्बा," जाकीर म्हणाला. मान वर न करता. हा शब्द त्याच्या तोंडून आपोआप येत असे, त्याला त्यासाठी काही करावं लागत नसे.

दुकानामागच्या खोलीत अब्बांची खाट अशी लावली होती की मधलं दार उघडं ठेवलं की त्यांना दुकानातून थेट रस्ता दिसावा. रमजान लागला तेव्हापासून त्यांनी अन्न जवळजवळ सोडलं होतं. त्यांना रोजा माफ होता. पण चमचा ओठांशी नेला की ते तोंड फिरवायचे आणि रस्त्याकडे बघायचे. दारावरून सावली गेली की विचारायचे, आला का तो. रात्री रस्ता सामसूम झाला की सावलीवाचूनही विचारायचे. लोक म्हणतात जीव टांगणीला लागतो; अब्बांचा जीव तर खरोखरच त्या आढ्याला टांगलेला होता, आणि देह इथे खाली खाटेवर वाळत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता औषधाचं काही राहिलेलं नाही. पाठीला जखमा पडल्या होत्या. कूस बदलताना अब्बा ओरडत नसत, फक्त जाकीरचं मनगट धरत, आणि एवढ्याशा माणसात एवढा जोर कुठून येतो असं त्याला वाटे. सोड ना, अल्लाह, सोड ना आता त्यांना… असं मागायचंही त्याला पाप वाटायचं आणि मागितल्याशिवाय राहवायचंही नाही.

शमाने मागच्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. शमा त्याची बायको. तिला गोष्टी लांबवायला आवडत नाही. ती म्हणाली, सायकल काढून माझ्या भावाकडे ठेवा आणि अब्बांना सांगा की तो आला आणि घेऊन गेला. दोन शब्दांचं काम आहे. तुमच्याने होत नसेल तर मी सांगते. जाकीर म्हणाला, अमानतीवर खोटं बोलू? ती म्हणाली, मग खरं बोलून त्यांना किती दिवस जिवंत सोलणार आहात? तो चिडला आणि पान्यांची पेटी आवरायला लागला.

खरं तर तेवढ्यासाठीच त्याने सायकल खोलली होती. खोटं बोलायला लागू नये म्हणून. लोणखेड्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे नवनीत पाटील सर — डॉक्टरांनी व्यायाम सांगितल्यापासून गिअरच्या सायकलवर कॉलेजला जातात आणि आठवड्याला काहीतरी मोडून आणतात — त्यांनी या सायकलचे फोटो फ्रान्समधल्या जुन्या सायकलींच्या शौकिनांना पाठवले. तिकडून उत्तर आलं: गिअरची दांडी, ब्रेकची ठेवण, नळ्यांचे सांधे बघता सायकल बहात्तरच्या आसपासची, शर्यतीची. ते वाचून दाखवलं तेव्हा जाकीर याच दुकानात लहान पोरासारखा रडला होता. बहात्तर! म्हणजे सगळं खरं. साल पक्कं करा, ते लोक म्हणाले, असल्या हबवर कारखाना सालाचे दोन आकडे ठोकतो तेवढे बघून कळवा. मग इकडच्या जुन्या क्लबांत विचारू, हिंदुस्थानात सायकल नेणारे त्या वर्षी कितीसे असतील. मालक नाही तर त्याची मुलं तरी सापडतील. फोनवर त्यांचा चेहरा अब्बांना दाखवता येईल. आणि मग अब्बा…

गेले काही दिवस त्याने जीव ओतून काम केलं. हात लावायचा नाही हा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला. पापडासारखे मोडलेले टायर कापून काढले. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल घासल्यावर त्याच्याखालून असली चांदी निघाली की शमाही कामातून येऊन बघून गेली. धुळीखालचा रंग निळा होता. मागच्या गिअरचा प्लास्टिकचा एक तुकडा भेगाळलेला होता, तो त्याने तांब्याच्या तारेने बांधून धरला. इतकी हलकी सायकल. एका बोटावर उचलली जाते. आणि हिच्या ओझ्याखाली मी…

नको तिकडे जाऊ.

पण मन गेलंच. एकोणीस वर्षांचा जाकीर, मामू सुरतेहून न्यायला आलेले, त्यांच्या मोटरसायकलींच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये त्याची जागा ठरलेली, पत्र्याची ट्रंक भरलेली, माय दाराशी पदराने डोळे पुसत उभी. आणि अब्बा आढ्याकडे बघत, न रागावता, फार सावकाश म्हणाले, "तू जाय. मी मरी गऊ नि तो ऊना, ते त्याले सायकल कोन देई?" एवढंच. अडवलं नाही, शपथ घातली नाही. मामू एकटेच गेले. ट्रंक अजून इथेच आहे, तिच्यात जुन्या ट्यूब असतात. पुढे लोणखेडा रस्त्याला, कॉलेजच्या पोरांच्या येण्याजाण्यावर चांगली जागा मिळत होती, तेव्हाही तेच — दुकान हलवलं तर तो शोधत येईल कुठे? सगळे मिस्त्री मोटरसायकलींकडे वळले, आता विजेच्या स्कूटर विकतात. मी पंक्चर काढतो. मी तक्रार केली नाही. मला एक मोठेपणाही वाटत आला त्यात, हे कबूल करायला हवं: की या गावात सगळे आपापलं बघतात आणि अजीज मिस्त्रीचा पोरगा एका अनोळखी माणसाच्या वस्तूसाठी जागेवर बसून आहे. या मोठेपणावर मी जगलो. ते सगळं बहात्तर सालावर उभं होतं. आणि आता हे दोन आकडे!

फोन वाजला. नवनीत सर रंग खेळून आलेले असावेत, आवाज उल्हासाचा होता. "काय जाकीरभाऊ, साल सापडनं का?"

जाकीरने आकडा सांगितला. मग सर समजुतीच्या सुरात बोलायला लागले — चाकं तर बदलतातच, त्यावरून सायकलचं वय ठरत नाही, फ्रेम बहात्तरचीच आहे. पायडलचा दांडा जिथून जातो तिथे आतल्या दांड्यावरही कधीकधी आकडा असतो, तो बघा. चाक बदललेलं असेल, त्यात काय एवढं. त्यांना खरंच त्यात काही वाटत नव्हतं. जाकीर हो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण फोन हातात तसाच धरून आहोत आणि त्यावर ग्रीसचा अंगठा उमटला आहे.

आतला दांडा. बघू. त्याने कॉटर पिना ठोकून पायडलचे हात उतरवले, दातेरी चक्र बाजूला केलं. चक्राच्या मागे, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, उजवी कटोरी होती. ज्यात छर्रे फिरतात ती पोलादाची वाटी, नळीत आट्यांनी घट्ट बसलेली. या कटोरीचा धडा अब्बांनी त्याला अगदी आधी दिला होता: डावी सरळ खोल, उजवी उलटी. आपल्या सगळ्या सायकलींत उजव्या कटोरीचे आटे उलटे असतात, खोलायची तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवायला लागते. नवशिक्याला हे ठाऊक नसतं म्हणून तो ती उलट आणखी आवळून बसतो. जाकीरचे हात हे झोपेतही विसरले नसते. त्याने पाना लावला, काट्याच्या दिशेने जोर दिला. हलली नाही. पायाने दाब दिला. पाना सटकला आणि बोटाचं सालपट निघालं. मग छिन्नी काठावर तिरपी टेकवून हातोडी मारली. टक्. टक्. पोलादावर पोलाद.

काठावरचं ग्रीस उडालं. खाली ओरखडे दिसले.

ते त्याचे नव्हते. त्याच्या छिन्नीचा घाव ताजा, चकचकीत होता. हे काळे पडलेले होते, कडा गुळगुळीत झालेले, पण खोल. एक, आणखी एक, पुढे आणखी — काठाची पार चावाचाव केली होती कोणी. त्याने बोट फिरवलं. घाव ज्या बाजूला दाबलेले होते ती घड्याळाच्या काट्याची दिशा होती. बरोबर तो स्वतः ठोकत होता तीच बाजू.

तो तसाच बसून राहिला. तिकडच्या माणसाने अशी ठोकली नसती. आपल्या सायकलीची कटोरी कुठल्या बाजूला खुलते ते त्याला माहीत असणार. या बाजूने ठोकणार तो इथलाच, उजवी उलटी हा धडा घोकलेला, आणि ठोकूनही ती खुलली नसणार… कारण… जाकीरने पाना उचलला, कटोरीवर बसवला, आणि उलट दिशेला, काट्याच्या विरुद्ध, नवशिका फिरवील तसा, नुसता मनगटाने ओढला. कटोरी किंचित हलली. कुरकुरली, आणि हलली. यांच्या देशात उजवीही सरळच खुलते. एवढं साधं होतं. तो घाईघाईने थांबला, जणू कोणाचं दार चुकून उघडलं.

पाना लावायचा नाही. हात लावायचा नाही. अमानत आहे. आणि इथे हा छिन्नीचा राग… एवढे घाव. अजीज मिस्त्री, ज्याच्याकडे नंदुरबारहून लोक बिघडलेल्या सायकली घेऊन यायचे, त्याला एक कटोरी खोलता आली नाही. मग काय केलं त्याने? गोणपाटात गुंडाळली आणि आढ्याला टांगली आणि सांगितलं की हात लावू नका? तो फ्रेंच पाहुणा ती नुसती ठेवायला नाही, दुरुस्तीला देऊन गेला होता का? होळी बघून खाली आला, आणि मिस्त्रीने ठोकून ठेवलेली सायकल त्याला मिळालीच नाही का? की अब्बा तिच्यावर बसले, चोरून, पहाटे, प्रकाशा गावाच्या रस्त्याला तापीपर्यंत, मागचं चाक मोडलं… आणि तो वर्षांनी नवं चाक घेऊन आला तेव्हा… पण मग सायकल नेली का नाही त्याने? का ठेवली? कोणासाठी? की तो कधी नव्हताच? भंगारातून, सुरतेकडून, कुठूनतरी आलेली ही एक सायकल, आणि 'तो येई' ही नुसती दोरी — एकुलत्या पोराला घरी बांधून ठेवायची?

या अल्लाह, यातलं काहीतरी एक खरं कर, कुठलंही. सगळं एकदम नको.

आणि मग ते आलं. कुठून आलं ते त्याला कळलं नाही. कदाचित छिन्नीच्या आवाजातून. हीच मागची खोली, हीच खाट, पण खाटेवर लहानगा जाकीर. मुदतीचा ताप. त्या वर्षी त्याची शाळा बुडाली होती, केस गळले होते, हे पक्कं, हे माय पुढे पुष्कळदा सांगायची. दुपार. कपाळावर ओली पट्टी. आणि भिंतीपलीकडून, दुकानातून, टक्… टक्… पोलादावर पोलाद, मग दोन आवाज, एक अब्बांचा आणि एक कोणाचातरी, उंच, घाबरलेला किंवा रागावलेला — की तो रेडिओ होता? — आणि माय उठली आणि तिने मधलं दार लावून घेतलं. ते दार कधी लावत नसत. दार लागलं आणि अंधार झाला. मग केव्हातरी अब्बा पायाशी येऊन बसले होते, हात पुसत, पुसत, पुसतच… त्यांच्या हाताला ग्रीसचा वास होता.

हे खरंच झालं होतं? की आता मला गरज आहे म्हणून मी ते जुळवतो आहे? त्याने आठवायचा प्रयत्न केला की त्या तापाच्या आधी आढं रिकामं होतं का. एकदा तो चिमणीची पिल्लं काढायला आढ्यावर चढला होता. तेव्हा पायाखाली गोणपाट होतं की नव्हतं? कधी होतं असं वाटे, कधी नव्हतं. तापातलं दार मात्र लागत होतं. पुन्हापुन्हा लागत होतं, मायचा हात त्याच्यावर.

माय असती तर तिला विचारलं असतं. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली.

असरची, तिसऱ्या प्रहराची नमाज राहून जाईल म्हणून शमा बोलवायला आली. मांडीवर चाक, खाली चक्र, पुढ्यात छिन्नी आणि त्याचा चेहरा — ती उंबऱ्यावर टेकली. त्याने तिला आकडा दाखवला, ओरखडे दाखवले, नीट सांगता येईल तेवढं सांगितलं. तापाचं सांगितलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि पदराच्या टोकाने त्याच्या बोटाचं रक्त पुसलं.

"मंग आते ते सांगाले काय हरकत शे?" ती म्हणाली. "त्यासनी तुमले सांगं, तुम्ही त्यासले सांगा. फिटी गयं."

ती कडवटपणे नाही बोलली, थकून बोलली; तिच्याही पाठीत रात्ररात्र बसून कळा येत होत्या. तिचं बरोबरच होतं. काल निदान अब्बांच्या खरेपणावर आपलं खोटं बोलायचं होतं, आज तीही अडचण उरली नव्हती. दोन शब्द. ऊना, लई गया. अब्बा डोळे मिटतील. मग मधलं दार लावता येईल, ट्रंक रिकामी करता येईल, या सायकलचं काहीही करता येईल… त्याच्या अंगातून असा काही राग वर आला की त्याला वाटलं आत जावं आणि त्या काटकुळ्या खांद्यांना धरून हलवावं. बोला. एकदा बोला. मी बावन्न वर्षांचा झालो, अब्बा, माझे गुडघे गेले, मला एवढं तरी कळू दे की मी कशासाठी बसलो. त्याने छिन्नी उचलली. ती कटोरीवर ठेवली — त्याच बाजूने, अब्बांच्या घावांवर घाव — आणि हातोडी हाणली. टक्! ती आवळली जात होती, बिघडत होती, हे त्याला माहीत होतं. टक्!

"जाकीर."

आवाज अब्बांचा होता, पण गेल्या कित्येक दिवसांतला नव्हता. दुकान चालवणाऱ्या माणसाचा होता.

"तशी नको ठोकू. ती आपली सायकलसारखी नही शे. मी बी तशीच ठोकी व्हती… वाया गयी."

शमा उठून उभी राहिली. जाकीर हातोडीसकट मधल्या दाराशी गेला. अब्बांचे डोळे उघडे होते आणि पहिल्यांदाच रस्त्याकडे नव्हते, जाकीरच्या हातांकडे होते. काम बघत होते, पोरगं चुकतंय का ते बघत होते. तो खाटेशी खाली बसला. त्याला इतकं विचारायचं होतं की एकच प्रश्न धरता येईना.

"कवय, अब्बा? कवय ठोकी व्हती? तो व्हता का तवय? तो परत ऊना व्हता का?"

अब्बांनी त्याचं मनगट धरलं. तोच जोर. त्यांचे ओठ हलले, खालचा ओठ दातांवर ओढला गेला, जणू एखाद्या अवघड नावाची पहिली अक्षरं जुळवत होते, आणि जाकीर त्या ओठांवर कान ठेवायला वाकला. श्वास आला, आंबूस, गरम, त्यात अक्षर नव्हतं. मग बोटं सैल झाली. डोळ्यांतला तो दुकानवाला माणूस हळूहळू मागे सरकला, आणि नजर जाकीरच्या खांद्यावरून पलीकडे, दुकानातून, निळ्या सायकलवरून, रस्त्यावर गेली.

"ऊना का तो?"

जाकीरने तोंड उघडलं. येई — तो शब्द आला नाही. आयुष्यभर न बोलावता येणारा शब्द जिभेवर आलाच नाही. शमा दारातून त्याच्याकडे बघत होती, तिचं वाक्यही त्याने ओठांपर्यंत आणलं, ऊना, लई गया, आणि तेही तिथेच राहिलं. आता पापाच्या भीतीने नाही. ते बोललं की अब्बा जातील, आणि त्यांच्याबरोबर ती दुपार जाईल, ते लावलेलं दार जाईल. मग काय झालं होतं ते सांगणारं या जगात कोण उरेल? एकच माणूस. जर तो असेल. जर तो कधी असेल तर आता म्हातारा असेल, अब्बांएवढा नाही पण म्हातारा, केस पांढरे, कदाचित काठी टेकत… काठीची होळी पुन्हा एकदा बघून जावी असं त्याला वाटणार नाही कशावरून? सायकल त्याने नेली नाही तरी चालेल, ती त्याची असो की नसो. त्याने फक्त दारात उभं राहून सांगावं की अजीज मिस्त्री खोटा होता, किंवा खरा होता. हात जोडून विचारीन मी त्याला.

त्याने बसल्या जागी खाटेची कड धरली. इतकी वर्षं मी येई म्हणालो, आणि एकदाही मान वर केली नाही. मी कधी वाट बघितलीच नाही कोणाची. ती अब्बांनी बघितली.

"ऊना का?" अब्बांनी पुन्हा विचारलं.

"देखस, अब्बा," जाकीर म्हणाला, आणि त्याने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. स्टँडच्या तोंडाशी धडगावची आणखी एक जीप थांबली होती. माणसं उतरत होती, गर्दी करून, एकमेकांना हात देत. आज धुळवड, सगळेच निळे, हिरवे, गुलाबी, पिकलेले केसही रंगलेले, गोरा कोण आणि काळा कोण ते इथून ओळखू येत नव्हतं. म्हणून तो एकेक चेहरा नीट बघत राहिला.